अर्धं मैदान

शेषरावभाऊ,

काल वाशीमला बास्केटबॉलचा सामना झाला. वाशीम आणि रिसोड. तुमच्याविना पहिलाच. तो कसा झाला ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याआधी परवाच्या बैठकीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

व्यायामशाळेच्या ओसरीवर कमिटी बसली होती. तुम्हाला जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. चिटणीस भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता शेषराव नाही. दुसरा पंच कुठून आणाचा? मधुकर, तू एकटाच पुरे. नियम तुले पाठ हायेत, आवाज हाये, पळतोस बी. एक पंच, एक शिटी. भांडणच नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. दोन वर्षांपूर्वी हे कुणी म्हणालं असतं तर मी छाती फुगवून उठलो असतो. एक माणूस, एक निर्णय, एक सत्य. मी वाढलो तोच मुळी अशा वाक्यांवर. वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेली पत्रकं घरी आणायचे. स्वराज्याची, दारूबंदीची, अस्पृश्यता मोडण्याची. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकलो. पत्रकात दोन बाजू नसतात. एक अन्याय असतो आणि एक आपण असतो.

परवा मात्र तसं झालं नाही. कमिटी मला संपूर्ण मैदान देत होती आणि मला ते नको होतं. मला माझं अर्धं पाहिजे होतं. आणि दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही.

तुमची माझी पहिली भेट आठवते? मी इंग्रजी नियमाचं पुस्तक बगलेत मारून जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलो होतो. मला सांगितलं होतं की पंच म्हणून तुझा जोडीदार जऊळक्याला आहे, चांगला जाणकार आहे. मी कोटातला माणूस शोधत होतो. तुम्ही निळ्या सदऱ्यात, हातात हिरवी झेंडी घेऊन गाडीच्या शेपटाकडे पाहत उभे होता. सांधेवाला, रूळ बदलणारा गडी! मी मनात काय म्हणालो ते आज लिहायला लाज वाटते. मजुरांच्या राज्याची पत्रकं वाचणाऱ्या माणसानं एका मजुराला पाहून निराश व्हावं, यापरतं ढोंग नाही.

"तूच का तो पुस्तकवाला?" तुम्ही विचारलंत. "ये. गाडी जाऊ दे मंग बोलू."

गाडी गेली. तुम्ही इंजिनाच्या राखेतला कोळशाचा तुकडा उचलला आणि फलाटाच्या फरशीवर मैदान काढलंत. दोन्ही टोकांना बोर्ड, मधोमध रेघ. मग म्हणालात, "सांग, पोट्टे दहा, चेंडू एक. तू कोनाले पाहशीन?"

"चेंडूला," मी म्हणालो.

"अन् मी?"

"तुम्हीही चेंडूलाच."

"मंग नऊ पोट्टे कोन पाह्यते? त्यांची माय?"

तुम्ही हसलात. तंबाखूनं काळे झालेले दात दिसले. आणि मग तासभर, पुढची मालगाडी येईपर्यंत, तुम्ही मला ते शिकवलंत जे पुस्तकात चार ओळींत होतं आणि मला कळलं नव्हतं. चढाई ज्या बोर्डाकडे चालली, तिकडे एका पंचानं आधी पोचायचं आणि बोर्डाखालच्या रेषेवर उभं राहायचं. तो पुढचा. दुसऱ्यानं मधल्या रेषेच्या आसपास, समोरच्या कडेला थांबायचं. तो मागचा. चेंडू लांब असला तर मागच्यानं चेंडू पाहायचा आणि पुढच्यानं बोर्डाखाली जागेसाठी ढकलाढकली करणारी पोरं. चेंडू बोर्डाखाली गेला की तो पुढच्याचा, आणि लांब, चेंडूविना उभी असलेली पोरं मागच्याची. चेंडू उलटा फिरला की मागचा पुढचा होतो आणि पुढचा मागचा. फाउल झाला की दोघांनी बाजू बदलायच्या, म्हणजे एकाच संघाच्या नशिबी सदा एकच डोळे येत नाहीत.

"अन् चेंडू बोर्डाच्या कड्याकडे वर गेला का," तुम्ही बोट वर केलंत, "सारं गाव वर पाह्यते. तवा पुढच्यानं खाली पाहाचं. कोपर तवाच मारतात."

मी विचारलं, "बास्केट झाली की नाही ते कसं कळणार मग?"

"मागचा पाहून राह्यला ना! मांगं तू हायेस म्हनून तं मले खाली पाहता येते."

मी त्या वेळी हे फक्त वहीत लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी तुम्ही इंजिनाच्या ड्रायव्हरला कड्यात अडकवलेला लोखंडी गोळा दिलात तेव्हा मला समजावलंत, की रूळ एकेरी आहे, पुढच्या स्टेशनानं "हो, रस्ता मोकळा आहे" म्हटल्याशिवाय हा गोळा यंत्रातून निघतच नाही. "इथून पुढलं स्टेशन दिसते का तुले? मले बी नाई दिसत. पन तथी एक मानूस बसला हाये अन् तो पाहून राह्यला. येवढ्यावर गाडी जाते बाप्पा, माणसाईनं भरलेली."

पहिला दीड हिवाळा आपली जोडी नीट चालली. तुमचे गुडघे दुखायचे, तरी मला कधी तुमची वाट पाहावी लागली नाही, कारण चेंडू कुठं जाणार ते तुम्हाला चेंडूच्या आधी कळायचं. तुमची शिटी फार वाजत नसे. लोक म्हणत, शेषराव झोपला. मी मात्र सामन्याला चाळीस वेळा शिटी वाजवायचो आणि घरी जाताना तुम्हाला सुनवायचो, "अन्याय दिसला की वाजवलीच पाहिजे. मग तो कुणाच्या का हद्दीत असेना. सत्याला हद्द नसते."

"सत्याले नसन," तुम्ही म्हणायचा. "डोयाले असते."

आणि मग ती अंतिम फेरी आली. वाशीम आणि अनसिंग. तिचं मी आजवर चारचौघांत बोललो नाही, पत्रकात मात्र छापलं, म्हणून आज खरं ते सगळं लिहितो.

शेवटचं मिनिट होतं. वाशीम एका गुणानं पुढे. अनसिंगचा देविदास टप्पे देत बोर्डाकडे घुसला. वाशीमचा एक गडी त्याला आडवा आला. दोघे आदळले, चेंडू कड्यातून खाली पडला आणि तुमची शिटी वाजली. तुम्ही बोर्डाखालीच होता. फाउल देविदासचा, बास्केट रद्द. मी मागे मधल्या रेषेशी होतो आणि मला स्वच्छ दिसलं होतं की आडवा येणारा शेवटच्या क्षणी सरकला. चूक त्याची होती, बास्केट खरी होती.

मी शिटी फुंकत धावलो. शंभर माणसांसमोर दोन्ही हात हलवून तुमचा निकाल मोडला आणि ओरडलो, "बास्केट धरा!"

मैदान पेटलं. "एका पंचाचं खरं का दुसऱ्याचं?" "अबे, आधी दोघं ठरवून या!" कुणीतरी चप्पल फेकली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. गुण लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी गेलात आणि शांतपणे म्हणालात, "निकाल माझ्या हद्दीतला हाये. एका पंचाचा निकाल दुसऱ्याले मोडता येत नाई. पुस्तकात हाये, इचारा याले."

पुस्तकात होतं. मीच तुम्हाला ते वाचून दाखवलं होतं. अनसिंग एका गुणानं हरलं.

त्या गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही की अनसिंगचा किसन मधल्या रेषेपाशी, कडेच्या विटांवर पडलेला आहे. देविदास बोर्डाकडे घुसत असताना, माझ्या डाव्या हाताला दहा पावलांवर, वाशीमच्या एका गड्यानं किसनचा सदरा मागून धरून त्याला फेकलं होतं. चेंडू तिथं नव्हता. ती जागा माझी होती. मनगट मोडलं. घरी भाजीचा मळा, मोट हाकायची, वांग्याच्या पाट्या बाजाराला न्यायच्या, आणि कमावता हात गळ्यात बांधलेला.

मी त्या रात्री किसनचा विचार केला नाही, शेषरावभाऊ. मी सत्याचा विचार केला. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या छापखान्यात स्वतः खिळे जुळवले आणि पत्रक छापलं. 'वाशीमच्या मैदानावरील अन्याय.' मंगळवारच्या बाजारात वाटलं. त्यातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे: "ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्याने शिटी धरू नये."

तीन दिवसांनी तुम्ही छापखान्यात आलात. पत्रक घडी करून टोपीत ठेवलेलं. मी मान वर केली नाही.

"काय पत्रकवाले, हे तू छापलं?"

"हो."

"छपाई साजरी हाये." तुम्ही कागद दिव्यासमोर धरलात, बोट ठेवून शेवटची ओळ हळूहळू वाचलीत, एकेक अक्षर. तुम्हाला वाचता येत होतं, भाऊ, फक्त सावकाश. मग विचारलंत, "एक गोष्ट राह्यली यात. किसन पडला तवा तू कुठं पाहून राह्यलता?"

मी म्हणालो, "तुमची चूक पाहत होतो."

"तिकडं पाहाले मी होतो ना. बरा, वाईट, पन होतो. इकडं पाहाले कोन होतं?"

आणि तुम्ही गेलात. पाच वाजताची गाडी होती.

दीड महिना मी जऊळक्याला आलो नाही. रागानं नाही. तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून. शेवटी संक्रांतीला आलो. वहिनींनी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आला का पत्रकवाला! हे रोज इचारत होते, आज गाडीतून कोन कोन उतरलं." तुम्ही त्यांच्यावर उगाच डाफरलात.

मग आपण फलाटावर बसलो आणि तुम्ही आपणहून म्हणालात, "त्या दिवशी तुहंच खरं असन. मी छातीची टक्कर पाहून राह्यलतो. त्या पोट्ट्याचे पाय सरकले ते मले नाई दिसले."

मी उडालोच. "मग तेव्हा का नाही बदललं?"

"कोन बदलाचं? तू मोडलं तं मोडलं. मोडाचा हक तुले नाई, मले हाये. जवळ येऊन कानात सांगाचं होतं. मी इचारलं असतं, खरं का? तू म्हटलं असतं, खरं. मीच बदललं असतं. अनसिंग जितलं असतं."

तिळगूळ तोंडात तसाच राहिला. अनसिंग हरलं ते तुमच्या चुकीनं नव्हे, माझ्या ओरडण्यानं. शंभर लोकांसमोर मी तुमची बदलायची वाटच बंद केली होती.

त्याच दिवशी आपण टोपीची खूण ठरवली. जोडीदाराच्या हद्दीत काही दिसलं तर शिटी नाही, हातवारे नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात धरायची. दुसऱ्यानं पाहिलं तर जवळ यावं आणि विचारावं. बदलायचं की नाही, ते ज्याचा निकाल त्यानं ठरवावं. पुढे तुम्ही चारदा टोपी काढलीत, मी तीनदा. लोकांना वाटायचं, पंचांना फार ऊन लागतं.

मी तरी भांडणं सोडलं नाही. मी विचारलं होतं, "आणि समोरचा पंच बेइमान असला तर? तेव्हाही टोपीच काढायची?" तुम्ही झेंडी गुंडाळून मांडीवर ठेवलीत. मग म्हणालात, "याचं उत्तर मले अजून नाई भेटलं. भेटलं का सांगतो." गाडी आली, तुम्ही झेंडी घेऊन उठलात. ते उत्तर राहिलं. मला आता एकट्यानं शोधावं लागेल, आणि मी सोडणार नाही. प्रत्येक ठिकाणी टोपी काढून भागत नाही असं मला अजूनही वाटतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंग काढ पत्रक. पन आधी आपली बाजू पाह्यली का?"

आणखी एक राहिलं. त्या शेवटच्या वाक्याबद्दल मी तुमच्यापाशी 'चुकलो' म्हणालो नाही. तिळगूळ खाल्ला, खूण ठरवली, पंचवीस सामने जोडीनं केले, आणि तो एक शब्द गिळून टाकला. वाटत होतं, एवढं सगळं नीट झालं, आता बोलायचं कशाला. शिवाय वेळ होता. वेळ नेहमीच आहे असं वाटतं.

आता परवाच्या बैठकीकडे येतो. भाऊसाहेब माझा होकार धरून पुढचा विषय घेणार, तेवढ्यात ओसरीच्या पायरीशी किसन येऊन उभा राहिला. अनसिंगहून भाजी घेऊन आला होता, धोतराला चिखल. मनगट बसलंय, पण किंचित वाकडं. त्यानं खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

ते माझं पत्रक होतं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही शिसपेन्सिलीनं मैदान काढलं होतंत. दोन बोर्ड, मधली रेघ, पुढच्या पंचाची फुली, मागच्या पंचाची फुली, आणि बाणच बाण. कडेला तुमच्या त्या भल्यामोठ्या अक्षरात: 'चेंडू वर, डोळे खाली.'

"हात बांधलेला होता तवा भाऊ दर शुक्रवारी गाडीनं मले जऊळक्याले बलावत," किसन म्हणाला. "म्हनत, खेळता नाई येत तं पाहाले शिक. मंग हात बसल्यावर बी जात राह्यलो. शेवटच्या शुक्रवारी हा कागद मले देल्ला. मधुकरभाऊले सांगू नको म्हनत, तो लगेच परीक्षा घेईन."

कमिटीत एक जण हसला. "अबे, भाजीवाल्या, शिटी वाजवशीन का वांगी इकशीन?"

"सकाळी वांगी इकतो," किसन म्हणाला. "सामना तं संध्याकाळी राह्यते ना?"

मी कागद उलटा केला. छापलेली बाजू पाहिली. मला वाटलं होतं तुम्ही ती ओळ खोडली असेल. एक रेघही नव्हती. दीड वर्ष तो कागद तुमच्याजवळ होता, पेन्सिल हातात होती, पण माझं लिहिलेलं तुम्ही मोडलं नाहीत. तुमच्या मते तो हक्क तुमचा नव्हता. माझा होता.

म्हणून आज तो मी वापरतो, शेषरावभाऊ. ज्या छापखान्यात ते वाक्य जुळवलं तिथंच हे पत्र जुळवतो आहे, आणि येत्या मंगळवारी त्याच बाजारात वाटणार आहे. ते वाक्य खोटं होतं. मी चुकलो. माझा निकाल मी मोडला.

बैठकीत मी एवढंच म्हणालो, "दोन पंच असतील. एक मी, एक किसन. नाहीतर मीही नाही." भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसला. "शेषरावनं पोसलेला हट्टी हायेस," म्हणाले, आणि वहीत दोन नावं लिहिली.

आता कालचा सामना. पाणी शिंपडून मैदान दाबलेलं, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ताज्या, आणि अख्खं वाशीम कडेला. पहिली दहा मिनिटं मी नुसता मानेशी भांडत होतो. मागून किसनची शिटी वाजली की मान आपोआप वळायला जाई. एकदा वळलीच. मग दात दाबून समोर पाहिलं. माझ्या बाजूला रिसोडच्या एका गड्याचा हात वाशीमच्या गड्याच्या सदऱ्याकडे चालला होता. त्यानं माझे डोळे पाहिले आणि हात मुकाट परत घेतला. शिटी वाजवावी लागली नाही. तुमची शिटी कमी का वाजायची, ते मला काल समजलं. तुम्ही झोपत नव्हता.

उत्तरार्धात चेंडू माझ्या कडेच्या रेषेबाहेर गेला. मी हात केला, चेंडू वाशीमचा. लोक खूष. चेंडू आत टाकण्याआधी सवयीनं बोर्डाकडे नजर गेली. किसन टोपी हातात धरून उभा होता. त्या वाकड्या मनगटात पांढरी टोपी.

खरं सांगतो, एक क्षण वाटलं, न पाहिल्यासारखं करावं. हद्द माझी, निकाल माझा, आणि याचा पहिलाच सामना. मग मी त्याच्याकडे गेलो.

"काय दिसलं?"

"भाऊ, शेवटी वाशीमच्याच पोट्ट्याचं बोट लागलं. तुमच्याकून त्याची पाठ होती."

"खरं का?"

"खरं."

मी परत आलो आणि हात उलटा केला. चेंडू रिसोडचा. कडेनं एकच गिल्ला झाला. "पंचानं पलटी खाल्ली रे!" "भाजीवाल्यानं फुकट वांगी देल्ली वाटते!" मी हसलो, भाऊ. मैदानावर पंच म्हणून पहिल्यांदाच. किसननं टोपी डोक्यावर ठेवली.

रिसोडनं चेंडू आत टाकला, वाशीमनं तो मध्येच पळवला आणि खेळ उलटा फिरला. आता मी पुढचा. धावत बोर्डाखाली पोचलो, रेषेवर उभा राहिलो. वाशीमच्या गड्यानं लांबूनच चेंडू कड्याकडे फेकला. चेंडू वर गेला. सारं गाव वर पाहू लागलं.

मी खाली पाहिलं. मागे किसन होता.